मेंढीच्या गर्भातली वाट

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या सूज उतरवणाऱ्या गोळ्या गरोदरपणाच्या उत्तरार्धात घेऊ नका, असे डॉक्टर बजावतात. का, असे विचारले तर ‘बाळाला बरे नाही’ एवढेच उत्तर बहुधा मिळते. कारण रक्ताभिसरणात आहे. संशोधक जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवून दिले की अ‍ॅस्पिरिनच्या जातीची औषधे शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाच्या गटातली द्रव्ये तयार होऊ देत नाहीत. त्यामुळे ठणका आणि सूज ओसरते, पण याच गटातली काही द्रव्ये रक्तवाहिन्या सैलही ठेवतात. तेव्हा गोळी घेतली की वारेकडचा रक्तपुरवठा घटणार, असा अंदाज कोणीही बांधेल. सशांवरच्या आणि कुत्र्यांवरच्या प्रयोगांत इंडोमेथॅसिन हे याच जातीचे औषध दिल्यावर गर्भाशयाचा रक्तप्रवाह घटलेला दिसलाही. मेंढ्यांत मात्र चित्र तितके सरळ नाही. प्राणी भुलीखाली आहे की जागा, यानेही फरक पडतो, कारण शस्त्रक्रियेच्या ताणात शरीर प्रोस्टाग्लँडिनवर जास्त विसंबते. एवढ्याच पुराव्यावर इशारा दिला असता, तर तो कच्चा ठरला असता.

पक्का पुरावा आईच्या नव्हे, गर्भाच्या रक्तवाहिनीत सापडला. पोटातल्या बाळाची फुप्फुसे श्वासाचे काम करत नाहीत. त्यामुळे हृदयाच्या उजव्या कप्प्यातून निघालेले बहुतेक रक्त ‘डक्टस आर्टिरिओसस’ या आडवाटेने थेट महाधमनीत जाते. जन्मानंतर ही वाट मिटते. त्याआधी तिला उघडी ठेवण्यात प्रोस्टाग्लँडिनचा मोठा वाटा असतो, हे १९७३ च्या सुमारास टोरांटोच्या संशोधकांनी मेंढीच्या गर्भातील वाहिनीवर दाखवले. ते द्रव्य औषधाने रोखले की वाट वेळेआधीच आवळते आणि उजव्या हृदयावर ताण येतो. गंमत अशी की १९७६ मध्ये डॉक्टरांनी याच दोषाचे औषध केले: अपुऱ्या दिवसांच्या बाळांत उघडी राहिलेली ही वाट इंडोमेथॅसिनने बंद करता येते, हे त्यांनी दाखवले.

मेंढीची वार माणसाच्या वारेहून निराळी असते, मग तिच्यावरून आपण काय शिकायचे, हा आक्षेप रास्त आहे. पण तो लागू पडतो गर्भाशयाच्या प्रवाहाला. डक्टसची रचना आणि काम मेंढीच्या गर्भात आणि माणसाच्या गर्भात मुळात सारखेच. १९८८ मध्ये मुदतपूर्व कळा थांबवण्यासाठी इंडोमेथॅसिन घेणाऱ्या स्त्रियांच्या १४ गर्भांची तपासणी झाली, तेव्हा सात गर्भांत ही वाहिनी आवळलेली दिसली. औषध थांबवल्यावर ती पुन्हा सैल झाली. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: मग रक्तदाबाचा धोका असलेल्या गरोदर स्त्रियांना डॉक्टर स्वतःच अ‍ॅस्पिरिन का देतात? इथे मात्रा निर्णायक ठरते. रोजच्या लहान मात्रेचा मारा मुख्यतः प्लेटलेटवर होतो. या पेशींना केंद्रक नसल्याने औषधाने एकदा निकामी केलेला, ही द्रव्ये बनवणारा एन्झाइम त्या पुन्हा बनवू शकत नाहीत, तर रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशी बनवू शकतात. म्हणून प्लेटलेटमधून येणारे, रक्त गोठवणारे, वाहिन्या आवळणारे थ्रॉम्बॉक्सेन घटते आणि वाहिन्या सैल ठेवणारी द्रव्ये बरीचशी शाबूत राहतात.

गर्भाच्या मूत्रपिंडालाही रक्तप्रवाहासाठी प्रोस्टाग्लँडिन लागते आणि गर्भजल मुख्यतः गर्भाच्या लघवीचेच असते. म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये सावधगिरीची रेषा २० व्या आठवड्यापर्यंत मागे आणली. लहान मात्रेतले अ‍ॅस्पिरिन त्यातून वगळले. २० ते ३० आठवड्यांदरम्यान औषध टाळता येत नसेल तर कमीत कमी मात्रा, कमीत कमी दिवस, आणि ४८ तासांपुढे गेले तर गर्भजलाची सोनोग्राफी.