रंगाआधी भिंत बघा, मग डबा उघडा

ईद किंवा घरात लग्नकार्य जवळ आलं की लोहारा आणि आसपासच्या गावांत रंगरंगोटीची लगबग सुरू होते. दोन दिवसांत भिंती चकाचक होतात. पावसाळा सरताच मात्र पोपडे निघतात आणि दोष रंगाला दिला जातो. बहुतेक वेळा चूक भिंतीच्या तयारीत असते.

आधी भिंतीवरून हात फिरवा. पांढरी भुकटी लागली तर जुना चुना सुटलेला आहे, त्यावर पुट्टी धरत नाही. तो पत्रीने खरवडून ओल्या फडक्याने पुसा. खरवडताना नाकातोंडाला रुमाल बांधा, लेकरांना दूर ठेवा.

मग ओल तपासा. प्लास्टिकचा वीतभर तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावा. दिवसभरानंतर आतून थेंब दिसले तर ओल भिंतीतून येते आहे. गच्चीची गळती किंवा फुटका नळ आधी दुरुस्त करा. लोणा लागला असेल तर कोरड्या ब्रशने झाडा; धुतल्यास क्षार पुन्हा भिंतीत मुरतात.

आपल्या भागात भेगांकडे विशेष लक्ष हवं. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे पाया हलतो. त्यात ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप आपण विसरलेलो नाही. सास्तूरसारख्या गावांत दगडमातीच्या जाड भिंती कोसळून माणसं दबली. म्हणून केसासारखी बारीक भेग पुट्टीने भरा. पण दार-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली किंवा आरपार भेग रंगाखाली झाकू नका. टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा आणि इंजिनिअरला दाखवा. भेग खुणेपुढे सरकली तर तेही सांगा.

नवा सिमेंटचा गिलावा किमान ४ आठवडे वाळू द्या. सिमेंटची पुट्टी लावण्याआधी भिंत हलकी ओली करा. पुट्टीचे दोन पातळ हात द्या, पहिला सुकल्यावरच दुसरा. २-३ तासांत संपेल एवढीच पुट्टी कालवा. मग पॉलिश पेपरने घासा, धूळ पुसा, प्राइमर मारा आणि शेवटी रंग.

कारागिराशी मजुरी ठरवतानाच विचारा, "खरवडणं आणि पुट्टीचे दोन हात धरूनच ना?" खर्च थोडा वाढेल, पण पुढच्या ईदला तीच भिंत पुन्हा खरवडावी लागणार नाही.