‘हाल्ब झेक्स’ म्हणजे साडेपाच

जव्हार-मोखाड्यात पहाटेचा बेत ही काही चैनीची गोष्ट नाही. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायचं असो, नाहीतर नाशिकला जाणारी एसटी गाठायची असो, रात्री “पहाटे निघतो” म्हटलं की ते वचन होतं. बोलणं ही एक कृतीच असते, असं ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन सांगत. वचन देणं हे त्याचं नेहमीचं उदाहरण.

2024 साली महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. तेव्हापासून इथली मुलं आम्हांला विचारतात, “सर, जर्मन जमेल का?” आम्ही म्हणतो, व्याकरण जमेल. फसाल ते ‘उद्या किती वाजता यायचं’ या साध्या बोलण्यात. म्हणून आज तेवढंच पाहू.

पहिला शब्द ‘मॉर्गन’. त्याचा अर्थ सकाळ, आणि उद्यासुद्धा. आपणही रात्री जेवताना “सकाळी ये” म्हणतो, तेव्हा ती उद्याचीच सकाळ असते. मग ‘उद्या सकाळी’ कसं म्हणायचं? ‘मॉर्गन मॉर्गन’ असं कुणी म्हणत नाही. ‘मॉर्गन फ्र्यू’ म्हणतात. ‘फ्र्यू’ म्हणजे लवकर, पण म्हणून ही पहाटच समजू नका. सकाळचे नऊसुद्धा ‘मॉर्गन फ्र्यू’ असू शकतात.

दुसरी गोष्ट काळाची, आणि इथे मराठी माणसाची सोय आहे. आपण “उद्या निघतो” म्हणतो, वर्तमानकाळात. बोलीतला जर्मन माणूसही तसंच म्हणतो. भविष्यकाळाचं रूप तो पुष्कळदा अंदाजासाठी वापरतो, जसं आपलं “तो उठला असेल”.

आता खरी अडचण. ‘हाल्ब’ म्हणजे अर्धा, ‘झेक्स’ म्हणजे सहा. ‘हाल्ब झेक्स’ ऐकून आपल्याला वाटतं साडेसहा. इंग्रज माणूस ‘हाफ सिक्स’ म्हणतो तेव्हा ते साडेसहाच असतात. जर्मन भाषेत मात्र ते साडेपाच. हिशोब असा: पाच तास पुरे झाले, सहावा चालू आहे, त्याचा अर्धा झाला.

हे विचित्र वाटतं? मग आपले ‘दीड’ आणि ‘अडीच’ उलगडून पाहा. अडीच आला संस्कृत ‘अर्धतृतीय’पासून, म्हणजे दोन पुरे आणि तिसरा अर्धा. दीड आला ‘द्व्यर्ध’पासून, म्हणजे दुसरा अर्धा. जर्मनमध्ये दीडला ‘आंडर्टहाल्ब’ म्हणतात. त्यातल्या ‘आंडर’चा जुना अर्थ दुसरा. अडीचला जुना शब्द होता ‘द्रिटहाल्ब’, तिसरा अर्धा. म्हणजे किल्ली आपल्याच घरात होती. साडेतीनपासून पुढे आपण ती वापरणं सोडलं, एवढंच.

बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये पुष्कळ ठिकाणी हाच हिशोब पावाचाही करतात. ‘फीर्टल झेक्स’ म्हणजे सव्वापाच, सहाव्या तासाचा पाव. ‘द्रायफीर्टल झेक्स’ म्हणजे पावणेसहा, सहाव्याचे तीन पाव. जर्मनीत इतर बऱ्याच ठिकाणी पावणेसहाला ‘फीर्टल फोर झेक्स’ म्हणतात, सहाला पाव कमी. ते आपल्या ‘पावणे’सारखंच.

एवढ्या बारकाव्यात शिरायचं कारण काय? रुग्णालयात पहाटेच्या पाळीवर साडेपाचला बोलावलं आणि पोरगी साडेसहाला पोचली, तर समोरचा म्हणेल, “नवी मुलगी आळशी दिसते.” चूक अंकगणिताची, डाग स्वभावावर. गाव सोडून कामाला जाणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. दुसऱ्याची बोली नीट कळली नाही, की त्याचा ठपका माणसावर बसतो.

म्हणून आमचं सांगणं एवढंच: ऐकलेली वेळ आकड्यांत उलटून विचारा. “फ्युन्फ उअर द्रायसिश?” म्हणजे पाच वाजून तीस मिनिटं? विचारण्यात कमीपणा नाही. वचन दोघांनी एकच ऐकलं, तरच ते पाळता येतं.