नित्याच्या दृश्यातील छायाचित्र

जपानचे नाव घेताच फुजी पर्वत, चेरीचा बहर आणि किमोनो परिधान केलेल्या स्त्रिया डोळ्यांसमोर येतात. परदेशी प्रवाशांना विकल्या जाणाऱ्या छायाचित्रांचे विषय एकोणिसाव्या शतकापासून बहुधा हेच राहिले. परंतु जपानी छायाचित्रकलेतील काही श्रेष्ठ कृती मात्र शहरातील अरुंद गल्लीत, भातशेतीच्या गावात किंवा शाळेच्या वर्गात जन्मल्या. सामान्य दृश्यातून कलाकृती कशी घडते, हे समजून घेण्यासाठी इहेई किमुरा (१९०१–१९७४) आणि केन दोमोन (१९०९–१९९०) या दोघांचे कार्य पाहिले पाहिजे.

किमुरा यांनी लायका हा छोटा कॅमेरा फार लवकर आत्मसात केला. त्यात छत्तीस छायाचित्रांची फिल्म बसत असे आणि तो हातात धरून चालता येत असे. त्यामुळे कोणाला थांबवून उभे करण्याची गरज उरली नाही. परंतु साधन बदलले म्हणजे सत्य हाती लागते असे नव्हे. युद्धकाळात किमुरा हे ‘फ्रंट’ या प्रचारपत्रिकेच्या छायाचित्रविभागाचे प्रमुख होते. सैन्याचे बळ मोठे भासावे म्हणून त्या पत्रिकेत छायाचित्रे जोडून नवी दृश्ये रचली जात. दोमोन यांनीही राष्ट्राच्या परदेशातील प्रसिद्धीसाठी काम केले होते. १९४५ च्या पराभवानंतर छायाचित्रावरील विश्वास पुन्हा मिळवणे, हा प्रश्न म्हणूनच केवळ कलेचा राहिला नव्हता.

१९५० साली दोमोन ‘कॅमेरा’ मासिकाच्या वाचक-स्पर्धेचे परीक्षक झाले. मांडणी करू नका, समोरच्या वास्तवाला सरळ भिडा, असा त्यांचा आग्रह होता. देशभरातील हौशी छायाचित्रकारांनी तो उचलून धरला. पण अनेकांनी त्याचा अर्थ एवढाच घेतला की भिकारी आणि जखमी सैनिक यांचीच छायाचित्रे काढावीत. एक साचा जाऊन त्याच्या जागी दुसरा आला. विषय करुण असला म्हणजे छायाचित्र सखोल होतेच असे नाही, हा धडा त्यातून मिळाला.

दोमोन यांची स्वतःची वाट निराळी होती. टोकियोच्या कोतो भागातील गल्ल्यांमध्ये खेळणारी मुले त्यांनी टिपली. १९५५ च्या एका प्रसिद्ध छायाचित्रात मुले चित्रपटांतील वीरांच्या आवेशात तलवारींचा खेळ खेळत आहेत. तेथे दारिद्र्य दिसते. पण त्याहून अधिक दिसते ती मुलांची रंगून गेलेली वृत्ती.

१९५९ च्या अखेरीस ते क्यूशू बेटावरील चिकुहो या कोळसाखाणींच्या प्रदेशात गेले. तेल हे इंधन पुढे आल्याने खाणी बंद पडत होत्या आणि कामगार बेकार होत होते. तेथील शाळेच्या एका छायाचित्रात दुपारच्या सुट्टीत काही मुले डबा खात आहेत आणि डबा न आणलेली मुले त्यांच्या शेजारीच पुस्तकात डोके घालून बसली आहेत. अश्रू नाहीत, पसरलेला हात नाही. वाचनासारखी नित्याची कृती येथे भूक लपविण्याचा आडोसा झाली आहे. हे ओळखणारी दृष्टी हीच त्या छायाचित्रातील निर्मिती होय. ‘चिकुहोची मुले’ हे पुस्तक १९६० साली जाडेभरडे कागद वापरून अवघ्या १०० येन किमतीत काढण्यात आले. सामान्य माणसाला ते विकत घेता यावे, हा त्यामागील हेतू होता.

किमुरा यांचे सामर्थ्य शांत स्वरूपाचे होते. १९५२ ते १९७१ या काळात ते उत्तरेकडील आकिता प्रांतात पुनःपुन्हा गेले आणि तेथील शेतकऱ्यांचे काम, बाजार व घरगुती जीवन त्यांनी टिपले. पहिल्या भेटीत जे नवलाईमुळे नजरेत भरते, ते अनेक भेटींनंतर मागे पडते आणि माणसांचे खरे व्यवहार पुढे येतात.

मांडणी सर्वथा त्याज्य आहे, असे मात्र यावरून ठरत नाही. शोजी उएदा (१९१३–२०००) यांनी तोत्तोरीच्या वाळूच्या टेकड्यांवर स्वतःच्या कुटुंबीयांना सोंगट्यांसारखे उभे करून अविस्मरणीय छायाचित्रे काढली. ती रचना त्यांनी लपविली नाही. पाहणाऱ्याला ती तात्काळ उमगते. ‘फ्रंट’मधील दृश्ये मात्र रचलेली असून घडलेली म्हणून पुढे केली जात होती. नित्याचे जीवन छायाचित्रकाराला विषय सहज देते. त्याच्या मोबदल्यात समोरच्या माणसाकडे प्रामाणिकपणे आणि पुरेसा वेळ पाहणे, एवढे त्याच्याकडून अपेक्षित असते.