मधला की भारीतला?

ऐन गणपतीत लेकाला कार्लोच्या कॉलेजात प्रवेश मिळाला, त्यामुळे पेढ्यांचं काम मोदकांवरच भागलं. पण मोदक संपायच्या आत जेवणाच्या टेबलावर नवा विषय निघाला. "बाबा, मला लॅपटॉप लागेल." आम्ही म्हटलं, लागेलच की. लगेच आम्हां दोघांसमोर दोन चित्रं ठेवण्यात आली. एक लॅपटॉप १२९९ युरोंचा, दुसरा २७९९ चा. दोन्ही गेमिंगचे, दोन्ही काळे. आमच्या डोळ्यांना दिसत होता तो फक्त पंधराशे युरोंचा फरक.

ही गोष्ट ऑगस्ट २०२५ ची. मंडळाच्या आरतीनंतर चहा घेताना सहज बोललो, तर आणखी तीन घरांत हाच वाद चालू असल्याचं कळलं. तेव्हा आम्ही जे धडपडत शिकलो ते चार लोकांच्या उपयोगी पडावं, म्हणून हा लेखनप्रपंच.

'गेमिंग' म्हटलं की आपल्या पिढीच्या कपाळावर आठ्या पडतात. खेळून कोणाचं पोट भरलंय, असं आम्हीही विचारलं होतं. त्याचं उत्तर डब्लिनमध्येच निघालं. १९९८ साली ट्रिनिटी कॉलेजातल्या ह्यू रेनॉल्ड्स आणि स्टीव्हन कॉलिन्स या दोघांनी हॅवक नावाची कंपनी काढली. खेळात भिंत कोसळली तर विटा कशा पडाव्यात, पिंप जिन्यावरून कसं गडगडावं, याचं गणित मांडणारं सॉफ्टवेअर त्यांनी बनवलं. २००४ सालच्या 'हाफ-लाइफ २' या गाजलेल्या खेळात ते वापरलं गेलं. २००७ मध्ये इंटेलने ती कंपनी घेतली आणि २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने. म्हणजे विटा पाडण्यावर पोट भरतं, आणि बऱ्यापैकी भरतं! आमचे चिरंजीव साउथ ईस्ट टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीत कॉम्प्युटर गेम्स डेव्हलपमेंट शिकायला निघाले होते. तेव्हा लॅपटॉप ही चैन नव्हती, शिक्षणाचं हत्यार होतं. पण हत्यार किती भारी हवं?

आमच्यातल्या एकाचं म्हणणं, घ्यायचं तर एकदाच चांगलं घ्यावं, स्वस्त ते महाग पडतं. दुसऱ्याचं म्हणणं, अंथरूण पाहून पाय पसरावेत. कोणाचं कोणतं ते सांगत नाही; घरात शांतता आहे, ती राहू दे.

शिवाय आम्ही एकदा हात पोळून घेतले होते. २०१९ मध्ये सेलमध्ये एक लॅपटॉप घेतला. कीबोर्डखाली लाल दिवे, झाकणावर 'गेमिंग'चं लेबल. दिवे पाहिले, किंमत पाहिली, घेतला. आत काय आहे ते वाचलंच नाही. वर्षभरात त्याचा पंखा मिक्सरसारखा ओरडू लागला आणि चौदाव्या महिन्यात स्क्रीन काळी झाली. दुकानदार म्हणाला, एक वर्षाची गॅरंटी संपली. आम्ही 'थँक यू' म्हणून घरी आलो. हे 'थँक यू' आम्हाला फार महागात पडलं, ते पुढे सांगतो.

या वेळी मात्र तीन शनिवार दुकानं हिंडलो आणि दिव्यांखाली काय आहे ते वाचत गेलो.

पहिली गोष्ट नावाची. गेमिंग लॅपटॉपचा जीव असतो ग्राफिक्स चिपमध्ये. २०२५ मध्ये बाजारात आलेल्या एनव्हिडियाच्या मालिकेत आरटीएक्स ५०६०, ५०७०, ५०८०, ५०९० अशी चढती भाजणी आहे. पण लॅपटॉपवर लिहिलेलं नाव ही अर्धीच गोष्ट. तीच ५०६० चिप एखाद्या लॅपटॉपात ४५ वॅटवर चालवतात, तर एखाद्यात १०० वॅटवर. पातळ, देखण्या लॅपटॉपात उष्णता बाहेर जायला जागा कमी, म्हणून चिपला आवर घालावा लागतो. थोडक्यात, नाव एक आणि ताकद वेगळी. त्यामुळे दुकानात पहिला प्रश्न विचारायचा तो वॅटचा. विक्रेत्याला सांगता आलं नाही, तर कंपनीच्या माहितीपत्रकात शोधायचं.

दुसरी गोष्ट ग्राफिक्स मेमरीची. ही चिपच्या स्वतःच्या कामाची, नेहमीच्या मेमरीपेक्षा वेगळी. आम्ही पाहिलेल्या लॅपटॉपांत ५०६० ला ८ जीबी होती आणि एक पायरी वरच्या ५०७० लाही ८ जीबीच! वेग वाढतो, पण मेमरी तेवढीच राहते. ५०७० टीआयला १२, ५०८० ला १६ आणि ५०९० ला २४ जीबी. म्हणजे चार पैसे जास्त टाकून एकच पायरी चढण्यात फारसा अर्थ नाही. चढायचंच तर चांगलं दोन जिने चढावं, नाहीतर खालीच बरं.

तिसरी गोष्ट स्क्रीनची. मधल्या लॅपटॉपची स्क्रीन १९२० गुणिले १२०० ठिपक्यांची, म्हणजे साधारण २३ लाख ठिपके. भारीतल्याची २५६० गुणिले १६००, म्हणजे जवळजवळ ४१ लाख. खेळात हा प्रत्येक ठिपका सेकंदाला साठ-सत्तर वेळा नव्याने रंगवावा लागतो. तेव्हा भारीतल्याची जादा ताकद बरीचशी त्याच्याच स्क्रीनच्या पोटात जाते. चित्र सुंदर दिसतं यात शंका नाही. पण दुप्पट पैशांत दुप्पट वेग मिळेल असा जो आमचा साधा हिशेब होता, तो इथेच फसला.

चौथी गोष्ट वजनाची. भारीतला लॅपटॉप अडीच किलोंच्या वर, आणि त्याचा चार्जर म्हणजे किलोभराची वीट. ती घरी ठेवून जावं, तर बॅटरीवर खेळ तासा-दीड तासात आटोपतो. बॅटरी मोठी का करत नाहीत? तर विमानात १०० वॅट-अवरपेक्षा मोठी बॅटरी विनापरवानगी नेता येत नाही, म्हणून भारीतले लॅपटॉपही ९९ च्या आसपास थांबतात. लेक दर शुक्रवारी ह्यूस्टन स्टेशनला उतरून ल्यूकनला घरी येणार, पाठीवर धुण्याचे कपडे आणि जाताना आईचे डबे. त्यात ही वीट!

पाचवी गोष्ट आम्हाला सगळ्यांत मोलाची वाटली. लॅपटॉपात काही गोष्टी नंतर बदलता येतात, काही येत नाहीत. ग्राफिक्स चिप बोर्डाला सोल्डर केलेली असते, ती जन्माची. स्क्रीन आणि उष्णता बाहेर टाकायची व्यवस्थाही तीच राहणार. मेमरी आणि डिस्क मात्र पुष्कळशा मधल्या लॅपटॉपांत दोन स्क्रू काढून वाढवता येतात. उलट काही पातळ भारी मॉडेलांत मेमरीही सोल्डर केलेली असते. तेव्हा जे बदलता येणार नाही त्याला आज पैसे द्यावेत, बदलता येतं ते गरज पडेल तेव्हा घ्यावं. आम्ही पाहिलेल्या मधल्या लॅपटॉपात १६ जीबीची एकच पट्टी होती आणि शेजारची खाच रिकामी. कॉलेजात लागणाऱ्या अनरियल इंजिनसाठी त्याचे निर्माते ३२ जीबी सुचवतात. दुसरी पट्टी तेव्हा पन्नासेक युरोंना मिळत होती, आणि दोन पट्ट्या असल्या की माहितीला दोन रस्ते मिळून कामही जलद होतं. (इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं की २०२५ च्या अखेरीस मेमरीच्या किमती जगभर भडकल्या. 'नंतर घेऊ' हे शहाणपण दरवेळी फळतंच असं नाही.)

मग भारीतला कोणी घ्यावा? घ्यावा, जरूर घ्यावा, पण काम तसं असेल तर. आमच्या ओळखीतल्या एका मुलीने अॅनिमेशनच्या कामासाठी १६ जीबी ग्राफिक्स मेमरीचा घेतला. तिची मोठमोठी दृश्यं ८ जीबीत मावतच नाहीत, तिला तो रोज पैसे मिळवून देतो. आणि ज्यांचा लॅपटॉप टेबलावरून हलणारच नाही, त्यांनी सरळ डेस्कटॉपचा विचार करावा. नाव तेच असलं तरी डेस्कटॉपची चिप अधिक वीज घेते आणि अधिक जोरात पळते. लेकाचं म्हणाल, तर तो जे खेळ बनवणार ते खेळणाऱ्या बहुतेकांकडे मधलीच यंत्रं असतात. आपल्या गिऱ्हाइकाच्या यंत्रावर आपला खेळ अडखळतो की नाही, हे त्याला घरबसल्या कळणार होतं.

आता त्या 'थँक यू'ची गोष्ट. कंपनीची गॅरंटी वेगळी आणि कायद्याने मिळणारा हक्क वेगळा, हे आम्हाला २०१९ मध्ये माहीतच नव्हतं. आयर्लंडमध्ये सदोष वस्तूबद्दल विकणाऱ्या दुकानाकडे सहा वर्षांपर्यंत दाद मागता येते. २०२२ च्या ग्राहक हक्क कायद्याने हे आणखी स्पष्ट केलं. दोष असेल तर पहिल्या ३० दिवसांत वस्तू परत करून पूर्ण पैसे मागता येतात. पहिल्या वर्षात निघालेला दोष मुळातच होता असं धरलं जातं. नव्हता, हे दुकानाने सिद्ध करायचं. ऑनलाइन घेतलेली वस्तू सहसा १४ दिवसांत कारण न देता परत करता येते. म्हणून नवा लॅपटॉप दसऱ्याची वाट पाहत खोक्यात ठेवू नका. पूजा त्याच दिवशी करा आणि पहिले चार आठवडे त्याला भरपूर राबवा.

दुकान ऐकतच नसेल, तर डिस्ट्रिक्ट कोर्टाच्या स्मॉल क्लेम्समध्ये २५ युरो फी भरून वकिलाशिवाय तक्रार करता येते. मात्र तिथे दाव्याची मर्यादा २००० युरोंची. १२९९ चा लॅपटॉप त्यात पुरता बसतो, २७९९ चा बसत नाही. कुठल्याही जाहिरातीत न छापलेला हा एक फरक.

एवढं सगळं झालं तरी निर्णय व्हायचाच होता. डिसेंबरात सांगलीला आजीचं सहस्रचंद्रदर्शन ठरलं होतं. आम्ही जे केलं ते आपल्याकडे सहसा करत नाहीत. घरचा हिशेब एका कागदावर लिहून लेकासमोर ठेवला. फी, कार्लोच्या खोलीचं भाडं, डिपॉझिट, घराचा हप्ता, सांगलीची तीन तिकिटं. खाली लिहिलं, लॅपटॉप: १२९९ किंवा २७९९. म्हटलं, "भारीतला हवा असेल तर देऊ. पण मग वरची कुठली ओळ खोडायची, ते तू सांग."

खरं सांगायचं तर आम्ही धास्तावलो होतो. त्याला हे दडपण वाटलं तर? किंवा तो शांतपणे स्वतःचं तिकीट खोडून मोकळा झाला तर? दोन दिवस कागद त्याच्या खोलीत होता. "डिपॉझिट इतकं असतं?" एवढंच एकदा विचारलं त्याने. तिसऱ्या दिवशी कागद फ्रिजवर चिकटवलेला दिसला. २७९९ वर पेन्सिलीची रेघ होती, आणि तळाशी त्याच्या वाकड्यातिकड्या मराठीत एक नवी ओळ: 'मेमरीची पट्टी, ५० युरो, माज्या पगारातून.' सुट्टीत सुपरमार्केटमध्ये केलेल्या कामाचा तो पगार. 'माझ्या'तला झ तेवढा आम्ही सुधारला नाही.

लॅपटॉप आला. बंद पडलेला जुना त्याच दुकानात मोफत देऊन टाकला. नवा घेताना जुना परत घेणं इथे दुकानांना बंधनकारक आहे. पट्टी त्याने स्वतः बसवली. त्याआधी झाकण उघडल्याने गॅरंटी जात नाही ना, हे कंपनीच्या कागदांत पाहिलं. तेवढं सगळ्यांनीच पाहावं. आणि पलंगावर दुलईत ठेवून चालवायचा नाही, हा नियम केला. खालची हवेची भोकं बुजली की मधला काय आणि भारीतला काय, दोघांचा मिक्सर होतो.

डिसेंबरात सांगलीला तिघंही गेलो. समारंभ पार पडल्यावर नातवाने आजीला मांडी घालून बसवलं आणि स्वतः बनवलेला खेळ दाखवला. एक माणूस डोंगरावरून उड्या मारत होता. आजीने चष्मा सावरून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "अरे, यात पाच-तीन-दोन नाही का?"

नव्हता. सध्या तोच बनवणं चाललंय. त्याला मधला लॅपटॉपही जरा जास्तच होतो आहे.