धुराची नाडी एका दांड्याच्या हाती

ईस्टरच्या हॅमवर लिहा, असा संपादकांचा निरोप होता. म्हणून ओरेगन राज्यात, पोर्टलंडजवळच्या एका मराठी घराच्या परसात जाऊन उभा राहिलो. पण लक्ष वेधून घेतलं ते हॅमने नव्हे, तर ग्रिलच्या कडेच्या पेटीतून थांबून थांबून येणाऱ्या करकर आवाजाने.

हे पेलेट ग्रिल याच भागातलं. 1970 च्या दशकातल्या तेलटंचाईनंतर अमेरिकेत लोक घरं ऊबदार ठेवण्यासाठी भुशाच्या गोळ्या, म्हणजे पेलेट, जाळू लागले. माउंट एंजल या लहानशा गावातल्या जो ट्रेगर यांनी 1980 च्या दशकाच्या मध्यावर तेच इंधन स्वयंपाकाला जुंपलं. 2006 च्या सुमारास त्यांच्या पेटंटची मुदत संपली आणि मग बाकीचे कारखानदारही यात उतरले.

गोळ्या म्हणजे दाबलेला भुसा. सोऱ्यातून शेव पाडावी तसा तो पोलादी जाळीतून रेटतात. दाबाच्या उष्णतेने लाकडातलंच लिग्निन मऊ होतं आणि भुसा घट्ट धरून ठेवतं, वेगळा डिंक लागत नाही. या गोळ्या ग्रिलच्या कडेच्या पेटीत, म्हणजे हॉपरमध्ये, ओतायच्या. तळाशी पिळाचा आडवा दांडा, म्हणजे ऑगर. तो फिरला की थोड्या गोळ्या सरकत पेल्याएवढ्या अग्निपात्रात पडतात. सुरुवातीला विजेची तापलेली कांडी त्या पेटवते, पुढे पंखा आग जिवंत ठेवतो.

सगळी गंमत दांड्याच्या विश्रांतीत आहे. जुन्या नियंत्रकांवर धुराच्या सेटिंगला तो सुमारे 15 सेकंद फिरतो आणि मग मिनिटभर थांबतो. विश्रांती वाढवली की आच उतरते, गोळ्या धुमसतात, धूर वाढतो. फार वाढवली तर आगच विझते. रात्रभर चुलीपाशी बसणाऱ्या माणसाचं काम हा दांडा करतो.

हॅमला हे मानवतं, कारण अमेरिकी बाजारातलं बहुतेक हॅम आधीच खारवून शिजवलेलं असतं. ग्रिलवर त्याला फक्त गरम करायचं आणि धुराचा वास लावायचा. 110 ते 120 अंश सेल्सियसला चार किलोच्या हॅमला साधारण तीन तास लागतात. लाकूड सफरचंदाचं किंवा चेरीचं. धूर थंड, ओलसर पृष्ठभागावर चांगला धरतो, म्हणून खरी कमाई पहिल्या तासातच होते. अननसाचा रस, जर्दाळूचा मुरांबा, ब्राउन शुगर, मोहरीची पेस्ट आणि थोडं व्हिनेगर आटवून केलेला लेप मात्र शेवटच्या अर्ध्या तासातच लावायचा. आधी लावला तर साखर करपून कडू होते. मांसाच्या मध्यभागी 60 अंश दिसले की उतरवायचं. पुढे नेलं की ते कोरडं पडतं आणि मीठच जिभेवर येतं.

इतकं सोपं, तर अडतं कुठे? त्याच दांड्यापाशी. गोळ्यांना ओल लागली की त्या फुगतात, पुन्हा भुसा होतात आणि पिळात घट्ट बसतात. मग हॉपर रिकामा करून दांडा सोडवण्यात दुपार जाते. अग्निपात्रात राख साचली की हवा अडते आणि आग विझते. पण दांडा अडाणी, तो गोळ्या ढकलतच राहतो. अशा वेळी तसंच बटण दाबून पुन्हा पेटवलं तर साठलेला ढीग एकदम भडकतो. त्यामुळे आधी यंत्र थंड करून पात्र उपसायचं. ठिबकलेली चरबी साफ केली नाही तर तीही पेट घेते. वीज गेली तर सगळंच ठप्प. कोळशावर वाढलेल्या खवय्यांची तक्रार वेगळी आहे: धूर फार सौम्य. ती खोटी नाही. आच जितकी वाढवाल, तितका गोळ्यांचा धूर कमी होतो.

तरीही हॅमपुरता माझा कौल या यंत्राच्या बाजूने. तयार, खारट मांसाला सौम्य धूरच शोभतो. घेणार असाल तर गोळ्या झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवा, दर काही वापरांनंतर राख काढा आणि मांसात खुपसायचा थर्मामीटर वेगळा विकत घ्या. आच दांडा सांभाळेल. हॅम कधी उतरवायचं, ते तुम्हालाच ठरवावं लागेल.