हत्यारांची वही

जालन्याची जुनी गढी आज मस्तगड या नावाने ओळखली जाते. पहिल्या निजामाच्या, म्हणजे आसफजाहच्या काळात काबिलखानाने १७२५ मध्ये किल्ला आणि ही गढी बांधली. बांधकामाचा काळ गढीवरील फारसी शिलालेखात नोंदलेला आहे. तट, बुरूज आणि भक्कम दरवाजा यांचा हेतू एकच होता : आतील माणसे व वस्तू सुरक्षित राहाव्यात. मराठवाड्यातील जुन्या घरांनीही आपापल्या ऐपतीप्रमाणे हाच विचार केला. रुंद भिंती, जाड फळ्यांचा दरवाजा, आतून लावायची आगळ, रस्त्याच्या बाजूस मोजक्याच खिडक्या आणि धान्यासाठी भिंतीतील बळद, अशी या घरांची रचना असे.

अशा घरांना आता दुरुस्ती हवी असते. माळवदाखालच्या तुळ्या वाळवीने पोखरलेल्या असतात, विजेच्या तारा जुन्या झालेल्या असतात, दुकानावरच्या मजल्यावर मुला-सुनेसाठी खोली वाढवायची असते. पावसाळा सरला की गवंडी, सुतार, प्लंबर, वायरमन यांची ये-जा सुरू होते. कुटुंब काही महिन्यांसाठी नातेवाइकांकडे किंवा भाड्याच्या घरी जाते, आणि तट पाडलेल्या गढीसारखी घराची अवस्था होते. खिडकीच्या चौकटी काढलेल्या, पहाड बांधलेला, अंगणात वाळूचा ढीग. कोण कामासाठी आला आणि कोण सहज आत शिरला, हे शेजाऱ्यांनाही सांगता येत नाही.

या काळात घरातील दागिने सहसा जात नाहीत. ते आधीच बँकेच्या लॉकरमध्ये पोहोचलेले असतात. जाते ते हत्यार. ड्रिल मशीन, ग्राइंडर, मार्बल कटर, तांब्याच्या तारेची वेटोळी, पितळी नळ, पहार, इतकेच काय, घमेलेसुद्धा. जालन्यात पोलाद उद्योग मोठा आहे. येथील भट्ट्यांमध्ये भंगार वितळवून सळईसाठी लागणारे पोलाद तयार होते. लोखंडाचा भाव ज्या गावात सर्वांच्या तोंडी असतो, तेथे उघड्यावर पडलेले लोखंड म्हणजे रस्त्यावर ठेवलेली रोख रक्कमच होय.

हत्यार गेले की नुकसान कोणाचे होते, याचा विचार फारसा होत नाही. घरमालकाचे काम दोन दिवस थांबते. सुताराची मात्र कमाईच थांबते. रंधा, पटाशी, करवत, गिरमीट आणि अलीकडे विजेवर चालणारी यंत्रे हेच त्याचे भांडवल असते. कायद्याने ही गोष्ट फार पूर्वी ओळखली आहे. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम ६० प्रमाणे कर्जवसुलीच्या हुकूमनाम्यातही कारागिराची हत्यारे जप्त करता येत नाहीत. सावकार असो वा बँक, कर्जदाराच्या इतर मालमत्तेवर टाच आणता येईल, परंतु त्याच्या हातातील रंध्याला हात लावता येत नाही. दिनांक १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेतही हाच विचार दिसतो. सुतार, गवंडी, लोहार यांसह १८ पारंपरिक व्यवसायांतील कारागिरांना हत्यारसंचासाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य या योजनेत आहे. न्यायालयही जे घेत नाही आणि शासन जे मिळवून देते, ते एका रात्रीत आपल्या अंगणातून नाहीसे व्हावे, ही बाब व्यापारी कुटुंबाने हलकी मानू नये. दिवाळीला वहीपूजन करणाऱ्या घराला खंडेनवमीला हत्यारांची पूजा करणाऱ्या सुताराची भावना सहज कळावी.

चोरीइतकीच दुःखद असते चोरीनंतरची सकाळ. ड्रिल मशीन दिसत नाही असे कळताच सर्वांचे डोळे सर्वांत नव्या, सर्वांत गरीब मजुराकडे वळतात. त्याची पिशवी तपासली जाते, हजेरीचे पैसे अडवले जातात, दुसऱ्या दिवसापासून तो येत नाही. पुढे कधी तरी तेच यंत्र मुकादमाच्या दुसऱ्या कामावर सापडते, अथवा फरशीच्या पोत्यांमागे. यंत्र परत मिळते. त्या मजुराचे नाव मात्र कोणी परत देत नाही. बाजारात पत कशी जाते आणि ती परत मिळवण्यास किती वर्षे लागतात, हे व्यापाऱ्याला सांगण्याची गरज नाही. मजुराचीही पत असते, आणि ती त्याच्या एकमेव नावावर उभी असते.

या दोन्ही हानी टाळण्याचा मार्ग बँकांच्या जुन्या शिस्तीत सापडतो. बँकेची तिजोरी एका अधिकाऱ्याच्या किल्लीने उघडत नाही. दोन किल्ल्या दोघांकडे असतात, दोघेही हजर असल्याशिवाय दार उघडत नाही आणि किल्ल्यांच्या हस्तांतराची नोंद सहीनिशी होते. नवख्या माणसाला ही व्यवस्था अविश्वासाची वाटते. वस्तुतः ती प्रामाणिक माणसाचे संरक्षण करते. कारण रोकड कमी भरली तरी दोष कोणा एकाच्या माथी मारता येत नाही.

घराच्या दुरुस्तीत हीच व्यवस्था एका साध्या वहीने साधते. कामाच्या पहिल्याच दिवशी मिस्त्रीसमवेत बसून हत्यारांची यादी करावी. प्रत्येक नोंदीपुढे मालकी लिहावी : घराचे, मिस्त्रीचे की भाड्याने आणलेले. यंत्रांवर कंपनीने कोरलेला अनुक्रमांक उतरून घ्यावा, खरेदीचे बिल असल्यास त्याची प्रत वहीत ठेवावी आणि मोबाईलवर प्रत्येक वस्तूचे छायाचित्र काढावे. लोखंडी हत्यारांवर खूण कोरावी किंवा मुठीवर एकाच रंगाचा पट्टा ओढावा. सायंकाळी काम थांबताना यादीप्रमाणे वस्तू आत घ्याव्यात आणि दोघांनी सही करावी. सकाळी त्याच रीतीने बाहेर काढाव्यात. दिवसाकाठी दहा मिनिटांचे हे काम आहे. ज्या घरात रोजची रोजमेळ लिहिली जाते, तेथे ते जड जाऊ नये.

ठेवण्याची जागाही विचारपूर्वक निवडावी. ओसरी किंवा जिन्याखालचा कोपरा सोयीचा वाटतो, परंतु तो रस्त्यावरून दिसतो. आतील, एकच दार असलेली कोठीची खोली त्यापेक्षा बरी. तेथे जाड पत्र्याची पेटी ठेवून ती आतल्या बाजूने बोल्टने जमिनीला जखडावी. जालन्यात असे काम करणारे कारागीर सहज मिळतात. खोलीच्या कुलपाची किल्ली घरमालकाकडे आणि पेटीची मिस्त्रीकडे असावी. म्हणजे दोघांपैकी कोणीही एकटा पेटीपर्यंत पोहोचत नाही.

कुलपाविषयी एक गैरसमज दूर व्हायला हवा. अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईत कुलपांचा कारखाना सुरू केल्यापासून उत्तम देशी कुलूप मिळणे अवघड राहिलेले नाही. तथापि चोर बहुधा कुलूप फोडत बसत नाही. तो कोयंडा उपटतो. चार छोट्या स्क्रूंनी लाकडात बसवलेला कोयंडा पहारीच्या एका हिसक्यात निघतो, आणि पहार तर त्याला अंगणातच मिळते. म्हणून कोयंडा फळीच्या आरपार जाणाऱ्या बोल्टने, आतून नट आवळून बसवावा. कुलपाची कडी शक्य तितकी झाकलेली असावी, म्हणजे कापण्याच्या हत्याराला पकड मिळत नाही. शिडी रात्री कधीही भिंतीशी मोकळी ठेवू नये. ती साखळीने बांधावी, अन्यथा ती शेजाऱ्याच्या गच्चीचाही रस्ता होते. तांब्याच्या तारा व नळ एकदम आणून साठवू नयेत. जेवढे त्या आठवड्यात बसवायचे तेवढेच मागवावे. अंगणात रात्रभर एक दिवा तेवत ठेवावा आणि शेजाऱ्यांना कामाच्या वेळा सांगून ठेवाव्यात.

विम्याच्या बाबतीतही गाफील राहणे महागात पडते. दिनांक १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीत आग, पूर यांसारख्या आपत्तींचे संरक्षण आहे. चोरीची भरपाई मात्र अशा आपत्तीमुळे, तिच्यानंतरच्या सात दिवसांत झालेल्या चोरीपुरतीच मर्यादित आहे. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते. घर दुरुस्तीसाठी रिकामे राहणार असेल तर विमा कंपनीला आधी लेखी कळवावे. घरमालकाच्या पॉलिसीत मिस्त्रीची हत्यारे धरली जातील असे गृहीत धरू नये. तो प्रश्न स्पष्ट विचारून घ्यावा.

एवढे करूनही चोरी झाली तर प्रथम वही उघडावी, पिशव्या नव्हेत. कोणती वस्तू शेवटची केव्हा नोंदली गेली, हे पाहून अनुक्रमांक व छायाचित्रांसह पोलिसांकडे फिर्याद द्यावी. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ प्रमाणे राहत्या घरातील किंवा मालमत्ता ठेवण्याच्या इमारतीतील चोरीला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. नवीन प्रक्रिया कायद्यानुसार फिर्याद इलेक्ट्रॉनिक माध्यमातूनही देता येते. तिच्यावर तीन दिवसांत सही करावी लागते आणि नोंदीची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते. माल सापडला तर तो आपलाच आहे हे अनुक्रमांकानेच सिद्ध होते. तपास हे पोलिसांचे काम आहे. मजुरी अडवून ते आपण करू नये.

शेवटचा मुद्दा व्यापारी वाचकांसाठी विशेष आहे. चोरीचे हत्यार कोणी तरी विकत घेतो, म्हणूनच ते चोरले जाते. नव्या यंत्राच्या चौथाई किमतीत, बिलाविना, मिटल्या पिशवीतून आलेला ग्राइंडर कोठून आला असेल, हे घेणाऱ्याला कळत नाही असे नाही. चोरीचा माल आहे हे ठाऊक असून, किंवा तसे मानण्यास कारण असून, अप्रामाणिकपणे तो स्वीकारणे हा न्याय संहितेच्या कलम ३१७ प्रमाणे गुन्हा आहे. तत्त्वार्थसूत्राने तर अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत ‘तदाहृतादान’, म्हणजे चोराने आणलेली वस्तू घेणे, याची स्पष्ट गणना केली आहे. स्वतः चोरी न करणारा श्रावकही स्वस्ताईच्या मोहाने या दोषात सापडू शकतो. हार्डवेअर, जुन्या वस्तू किंवा भंगार यांचा व्यवसाय करणाऱ्यांनी विक्रेत्याचे नाव, पत्ता आणि ओळखपत्र नोंदवल्याशिवाय माल न घेण्याचा नियम पाळला, तर कितीतरी घरांची कुलपे आपोआप मजबूत होतील.

काम संपल्याच्या दिवशी वहीचे शेवटचे पान भरावे. मिस्त्रीची सारी हत्यारे त्याच्या हाती मोजून द्यावीत, उरलेला चुकारा त्याच वेळी करावा आणि दोघांनी सही करून वही बंद करावी. पुढे कधी तुळई बदलायची झाली, तर त्याच मिस्त्रीला निःसंकोच हाक मारता येईल आणि तोही आनंदाने येईल.