शिफारस, सुपूर्द आणि निरवणे

एखाद्याची स्तुती करणे आणि एखाद्याला दुसऱ्याच्या हवाली करणे या दोन क्रिया वरवर पाहता परस्परांपासून दूरच्या वाटतात. परंतु नोकरीसाठी, प्रवेशासाठी किंवा कर्जासाठी एखाद्याचे नाव पुढे करताना आपण आजही जो शब्द वापरतो, त्या ‘शिफारस’ शब्दाच्या पोटात त्या दोन्ही एकत्र नांदत आल्या आहेत. फारसीत ‘सिपुर्दन’ म्हणजे सोपवणे. त्याच धातूपासून ‘सिफारिश’ झाला, आणि त्याच धातूचे दुसरे रूप ‘सुपूर्द’ होऊन आपल्या दफ्तरांत येऊन बसले. तेव्हा कैदी सुपूर्द करणारा अंमलदार आणि होतकरू मुलाची शिफारस करणारा गृहस्थ हे शब्दांच्या नात्याने एकाच घरचे आहेत. शिफारस म्हणजे मुळात ‘हा मनुष्य मी आपल्या पदरी घालीत आहे, याचे आपण पाहावे’ हे सांगणे. गुणवर्णन त्या सोपवण्याच्या मागोमाग, त्याला आधार म्हणून येते. जुन्या पत्रव्यवहारात पत्र घेऊन येणाऱ्याविषयी ‘यांचे चालवावे’, ‘यांचा परामर्श घ्यावा’ असे जे लिहिलेले आढळते, त्यात स्तुतीचे शब्द थोडे आणि सांभाळाची विनंती मोठी असते, ती याच कारणाने.

‘हवाली’ हा शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने आला आणि ‘हवालदार’ हे पद त्याचेच अपत्य आहे: ज्याच्या हवाली काही केलेले आहे, तो हवालदार. शिवकालीन गडावर हवालदार, सबनीस आणि सरनौबत असे तिघे एका प्रतीचे अधिकारी असत, आणि कोणा एकाला फितूर होऊन गड शत्रूच्या हाती देता येऊ नये हा त्यामागील हेतू कृष्णाजी अनंत सभासदाने आपल्या बखरीत सांगून ठेवला आहे. सोपवणे ही क्रिया किती जोखमीची आहे, याची एवढी स्वच्छ जाणीव फार थोड्या राज्यव्यवस्थांनी दाखविली असेल. शिवाजी महाराजांनी राजव्यवहारकोश सिद्ध करवून दरबारी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द योजिले; तथापि हवाली, सुपूर्द, शिफारस हे शब्द लोकांच्या जिभेवरून हलले नाहीत.

संस्कृताच्या बाजूने आलेले शब्दही याच दोन टोकांमध्ये फिरताना दिसतात. ‘वाखाणणे’ हे आज निव्वळ प्रशंसेचे क्रियापद आहे, परंतु ते ‘व्याख्यान’ या शब्दापासून प्राकृताच्या द्वारे आलेले असून जुन्या मराठीत त्याचा अर्थ उलगडून सांगणे असा होता. एखाद्या गायकाची तान वाखाणायची तर ती कोठे आणि कशी साधली हे दाखवून देता आले पाहिजे, अशी अपेक्षा त्या शब्दाच्या जन्मातच आहे, आणि ती अपेक्षा आपण विसरलो हे मला खरोखरच दुःखाचे वाटते. ‘नावाजणे’ हे मात्र फारसी ‘नवाजिश’ म्हणजे कृपा, लालन, या अर्थाच्या शब्दाचे सोयरे. धन्याने ज्याच्यावर लोभ केला तो नावाजलेला.

‘सोपवणे’ हे ‘समर्पय्’ या संस्कृत रूपापासून झिजत आले आहे, आणि या मूळ क्रियापदाचा सर्वांत हृद्य उपयोग पाहावयाचा तर कालिदासाच्या शाकुंतलाचा चौथा अंक काढावा. सासरी निघालेली शकुंतला आपली वनज्योत्स्ना ही लाडकी वेल अनसूया आणि प्रियंवदा यांच्या हाती ठेव म्हणून देते, तेव्हा त्या दोघी डोळ्यांत पाणी आणून विचारतात की आम्हांला तू कुणाच्या हाती सोपविलेस? या एका प्रश्नात सोपवणे या क्रियेचे सगळे मर्म आले आहे. जो जातो तो मागे राहणाऱ्यांची सोय लावून जातो, वेलीची लावतो, हरिणीची लावतो. परंतु ज्यांच्यावर तो सोय लावण्याचा भार टाकतो, त्यांचे काय, हे विचारण्याचे भान मैत्रिणींनाच असते. शकुंतलेला निरोप दिल्यानंतर कण्वमुनी म्हणतात, की कन्या हे परक्याचेच धन. ठेव परत केल्यावर मन हलके व्हावे तसे आज माझे मन झाले आहे. बापाचे हे समाधान आणि सख्यांचा तो प्रश्न एकाच अंकात शेजारी शेजारी ठेवणाऱ्या कवीला सोपवण्याची दोन्ही अंगे दिसली होती. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात संगीत शाकुंतल रंगभूमीवर आणले, आणि मराठी संगीत नाटकाचा उत्कर्ष या कथेपासून सुरू झाला.

आपल्या विवाहविधीत हाच प्रसंग ‘ऐरणीदान’ या नावाने येतो. वेळूच्या परडीत दिवे ठेवून ती वरपक्षाच्या मंडळींच्या मस्तकी लावतात, वधूला सासरच्या वडीलधाऱ्यांच्या मांडीवर बसवितात, आणि पुत्राप्रमाणे वाढविलेल्या या कन्येचे आता आपण स्नेहाने पालन करावे, अशी प्रार्थना करतात. त्या प्रार्थनेच्या श्लोकातील कन्या आठ वर्षांची आहे. तो काळ गेला, तो जाणेच इष्ट होते. आणि आज शिकूनसवरून, स्वतःच्या संमतीने विवाह करणाऱ्या मुलीला ‘परक्याचे धन’ मानणे कोणाही विचारी मनुष्याला मान्य होणार नाही. परंतु त्या विधीतील मागणी काळजीची आहे, आणि तेवढा अंश जुना झालेला नाही.

आता निरवणे. या क्रियापदाला सोपवणे, हवाली करणे, सुपूर्द करणे यांपैकी एकही शब्द पुरा प्रतिशब्द होत नाही. किल्ल्या हवाली करता येतात, काम सोपवता येते, दस्तऐवज सुपूर्द करता येतो. निरवले जाते ते बहुधा माणूस, आणि निरवणारा बहुधा निघालेला असतो. दूरच्या मुलखात जाणारा मुलगा म्हाताऱ्या आईला शेजाऱ्यांकडे निरवतो, अंथरुणास खिळलेली माता धाकट्या लेकरांना थोरलीच्या हाती निरवते. येथे पावती नसते, मुदत नसते, आणि ठेव परत मागावयास कोणी येणार नसते. म्हणूनच ज्याच्याकडे निरवायचे त्याचा हात हातात घेऊन, ‘तुझ्यावाचून हे कोणाला सांगू?’ अशा शब्दांत त्याच्या मोठेपणाचा उच्चार आपोआप होतो. स्तुती आणि समर्पण यांची गाठ येथे व्युत्पत्तीशिवायच पडते.

आज ‘निरवानिरव’ हे नाम तेवढे वापरात उरले आहे, आणि तेही आवराआवर या अर्थाकडे झुकलेले: दुकानाची निरवानिरव, संस्थेची निरवानिरव. घरातील वृद्ध निरवानिरवीची भाषा बोलू लागले की तरुण मंडळी त्यांना गप्प करतात, त्यामागे माया असते. पण त्या वृद्धाला जे सांगावयाचे असते ते मग सांगावयाचे राहून जाते. मालमत्तेची व्यवस्था कायद्याने लावता येते. सार्वजनिक न्यासांसाठी मुंबई राज्याने १९५० साली अधिनियम केला, त्यात विश्वस्तांनी हिशेब ठेवावेत, नोंदणी करावी, हे सर्व बांधून दिलेले आहे, आणि खाजगी घरदार, शेत, दागिने यांच्यासाठी मृत्युपत्र आहे. परंतु अविवाहित बहिणीची पाठराखण, मंदबुद्धी मुलाचा रोजचा घास, वर्षानुवर्षे घरी राबलेल्या बाईच्या म्हातारपणाची तजवीज, यांतील जो भाग पैशांनी भागत नाही, तो कोणत्याही कलमात मावत नाही. तो समोर बसवून, नाव घेऊन, तोंडीच निरवावा लागतो.